चाळीस आठवडे भरत आले, कळा नाहीत: थांबावं की जेल ठेवून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. वय २८, पहिलं बाळंतपण, त्यासाठी माहेरी सोलापूरला आलेल्या. परवा चाळीस आठवडे भरतात. बीपी, शुगर, शेवटची सोनोग्राफी सगळं नीट. बाळाचं अंदाजे वजन ३.१ किलो. डॉक्टर म्हणाले, ४१ आठवड्यांपर्यंत कळा आल्या नाहीत तर ॲडमिट व्हा, जेल (पिशवीचं तोंड मऊ करून कळा आणवायचं औषध) ठेवू. आई आणि सासूबाई, दोघींचं या एका बाबतीत एकमत झालंय की कळा आपल्या आपण आलेल्याच बऱ्या. त्यात नेटवर वाचलंय की औषधाने कळा आणवल्या की हटकून सिझर होतं आणि बाळाला पुढे वर्षानुवर्षं आजारपणं लागतात. मग करायचं काय?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये काढली, आता जिल्ह्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवते. तुम्हाला तपासलेलं नसताना 'असंच करा' म्हणणं बरोबर नाही, पण यावर विचार कसा करायचा ते सांगू शकते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकते: तुमच्या डॉक्टरांनी दिलेली मुदत घाईची नाही. बाकी काही गुंतागुंत नसेल तर ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबावं आणि तेव्हा कळा आणवाव्यात, हीच जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

आता त्या नेटवरच्या भीतीकडे येऊ. ती कुणाच्या मनातून निघालेली नाही, तिच्यामागे आकडे आहेत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यातल्या सोळा वर्षांच्या, पावणेपाच लाखांच्या आसपास बाळंतपणांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही वैद्यकीय कारण नसताना कळा आणवलेल्या पहिलटकरणींमध्ये सिझरचं प्रमाण २९.३ टक्के होतं आणि आपोआप कळा आलेल्यांमध्ये १३.८ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. त्या मुलांना पुढे कान-नाक-घशाच्या आणि श्वसनाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात भरती करण्याचं प्रमाणही थोडं जास्त दिसलं. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, नको ते जेल.

पण या तुलनेत एक मेख आहे, आणि ती कळली की निम्मा प्रश्न सुटतो. 'आपोआप कळा आलेल्या' या गटात कोण असतं? ज्यांना कळा येऊन चुकल्या त्या. आज तुम्ही निर्णय घ्यायला बसलात तर 'मला आज आपोआप कळा येऊ देत' हा पर्याय तुमच्या हातात नाहीच. हातात दोनच गोष्टी आहेत: आज कळा आणवणं किंवा थांबणं. थांबलेल्यांपैकी काहींना उद्या सुरेख कळा येतात. काहींचं बीपी चढतं, काहींचं कळांशिवायच पाणी जातं, काहींच्या बाळाची हालचाल मंदावते, आणि काही जणी ४१ आठवडे ओलांडून शेवटी जेलपाशीच येतात. थांबण्याचा हिशेब मांडायचा तर या सगळ्या जणी त्यात धरायला हव्यात. फक्त पहिल्या नशीबवान गटाशी तुलना केली तर कळा आणवणं नेहमीच वाईट ठरणार.

अशी खरी तुलना करायची तर आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बायका दोन गटांत वाटून घ्याव्या लागतात. 'अराइव्ह' नावाची अशी मोठी चाचणी अमेरिकेतल्या ४१ रुग्णालयांत झाली, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कुठलाही धोका नसलेल्या ६,१०६ पहिलटकरणी. एका गटाला ३९व्या आठवड्यात कळा आणवल्या, दुसरा गट थांबला. सिझर कळा आणवलेल्यांत १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२ टक्के. गरोदरपणातला बीपीचा त्रास ९.१ टक्के विरुद्ध १४.१ टक्के. बाळांच्या गंभीर त्रासात फरक होता (४.३ आणि ५.४ टक्के), पण तो निव्वळ योगायोगही असू शकेल इतका लहान. म्हणजे 'कळा आणवल्या म्हणून सिझर झालं' हे सरसकट विधान या चाचणीत टिकलं नाही, उलटच झालं.

मग सगळ्यांनाच ३९व्या आठवड्यात बोलवावं का? माझं मत नाही. त्या चाचणीसाठी योग्य असलेल्या बायकांना विचारलं तेव्हा साधारण चौघींतली एकच तयार झाली होती. तयार होणारी बाई आणि तिचं हॉस्पिटल दोन्ही वेगळी असतात. कळा लागू पडल्या नाहीत असं ठरवण्याआधी पुरेसा वेळ द्या, असं तिथल्या डॉक्टरांना सांगितलेलं होतं. कळा आणवलेल्या बायकांचा लेबर रूममधला वेळही बराच जास्त गेला, साधारण २० तास विरुद्ध १४. आपल्याकडे एका डॉक्टरच्या, दोन सिस्टरांच्या हॉस्पिटलात तोच आकडा जसाच्या तसा उतरेल असं मी तरी गृहीत धरणार नाही.

४१ आठवड्यांची गोष्ट वेगळी. तिथे माझ्या मनात फारशी शंका उरत नाही. स्वीडनमध्ये 'स्वेपिस' नावाची चाचणी झाली: ४१ आठवडे भरले की कळा आणवायच्या, की ४२ पर्यंत थांबायचं. दहा हजार बायका घ्यायच्या असं ठरलं होतं. २,७६० वरच ती थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. सिझरचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच. २०२० मध्ये असल्या ३४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हाही चित्र हेच: कळा आणवलेल्या बाजूला बाळांचे मृत्यू कमी, सिझर किंचित कमी, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्यात फारसा फरक नाही.

हे वाचून घाबरू नका, आकडे नीट वाचा. त्याच एकत्रित अभ्यासाच्या हिशेबाने एक बाळ वाचवण्यासाठी ५४४ बायकांना कळा आणवाव्या लागतात. म्हणजे ५४३ जणींचं थांबूनही बाळाच्या जिवाच्या बाबतीत काही बिघडलं नसतं. पोटातच बाळ जाण्याचा धोका ३७ आठवड्यांना हजारी ०.११ इतका असतो आणि ४२ आठवड्यांना ३.१८. वाढ मोठी आहे, आकडा तरीही लहान आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि घरात वाद होतात ते एक जण पहिलं वाक्य धरून बसतो आणि दुसरा दुसरं म्हणून. तुम्हाला चाळीस आठवडे भरल्यावर चार दिवस थांबायचं असेल तर तो वेडेपणा नाही. ४२ पर्यंत थांबायचं म्हणालात तर मात्र मी तुम्हाला आणि घरच्यांना समोर बसवून वेगळं बोलेन.

हे सगळं ज्या तारखेवर उभं आहे ती तारीख आधी तपासा. पाळीची तारीख अंदाजे सांगितलेली असते, किंवा पाळीच पुढेमागे येणारी असते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख बाळाच्या वजनाप्रमाणे सरकते, तिच्यावरून दिवस मोजू नयेत. फाइल घेऊन जाल तेव्हा 'माझे ४१ आठवडे कोणत्या सोनोग्राफीवरून धरलेत?' हे जरूर विचारा.

आता सोलापुरातल्या त्या हॉस्पिटलात तुमचं काय होईल, ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, पिशवीचं तोंड. तपासताना आम्ही पाच गोष्टी पाहतो: तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, मागे आहे की पुढे आलंय, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय. याची बेरीज म्हणजे बिशप स्कोअर. शिकताना आम्हाला सांगत, कडक तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं आणि तयार झालेलं ओठासारखं. ओठासारखं लागलं की बहुतेक वेळा थोडं ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं औषध) आणि पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडणं एवढ्यावर भागतं. नाकाच्या शेंड्यासारखं असेल तर आधी ते मऊ करावं लागतं आणि त्यातच एक अख्खा दिवस जाऊ शकतो. तोंड तयार नसलेल्या पहिलटकरणीला काही ठोस कारण नसताना ३९ आठवड्यांना ओढून आणणं मला पटत नाही, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांचा आणि नातेवाइकांचा धीर. यावर कुणी फारसं बोलत नाही. सकाळी जेल ठेवलं, संध्याकाळी तोंड दोनच बोटं उघडलंय, बाहेर बसलेला मामा तिसऱ्यांदा विचारतोय 'अजून किती?', रात्री भूल देणारे डॉक्टर मिळतील की नाही सांगता येत नाही. अशा वेळी 'कळा लागू पडल्या नाहीत' म्हणून सिझर करणं सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. वास्तविक आई-बाळ ठीक असतील तर तोंड उघडायला लागण्याचा सुरुवातीचा टप्पा चोवीस तास किंवा त्याहून जास्त चालू देता येतो, आणि पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय 'अपयश' हा शब्द वापरू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३. हा एवढा फरक काही बायकांच्या पिशव्या वेगळ्या असतात म्हणून पडत नाही. तेव्हा 'जेल ठेवू का' यापेक्षा 'जेल ठेवल्यावर किती वेळ वाट बघाल, आणि रात्री कोण असेल' हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर आधी विचारला असता. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

आपल्याच नागपूरचं उदाहरण घ्या. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत, बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर 'इन्फॉर्म' नावाची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना पिशवीच्या तोंडात फुगा असलेली फोलीची नळी, निम्म्यांना दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉलची, म्हणजे कळा आणवणाऱ्या औषधाची, गोळी तोंडाने. चोवीस तासांत खालून बाळंत झालेल्यांचं प्रमाण गोळीवाल्यांत ५७ टक्के, नळीवाल्यांत ४७. स्वस्त गोळी, साधी नळी, गर्दीचं रुग्णालय, आणि तरीही काम होतं. पण दुसरी बाजूही बघा: पहिल्या चोवीस तासांत साधारण निम्म्याच खालून मोकळ्या झाल्या. पुष्कळ जणींना दुसरा दिवस उजाडतो. सोबत येणाऱ्यांना हे घरूनच सांगून ठेवा, डबा आणि जागरणाच्या पाळ्या त्या हिशेबाने लावा.

प्रत्यक्षात काय होतं तेही माहीत असलेलं बरं. जेल किंवा गोळीनंतर बाळाचे ठोके काही वेळ मशीनवर पाहिले जातात. फोलीची नळी ठेवली असेल तर फुगा फुगवून ती मांडीला हलक्या ताणाने चिकटवतात. तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडलं की ती आपोआप निसटते, आणि बाथरूममध्ये ती अचानक पडली की पहिलटकरीण ओरडतेच, काहीतरी भलतंच झालं म्हणून. नळी पडली ही चांगली बातमी असते. पुढे सलाइनमधून ऑक्सिटोसिन, ज्याला आपल्याकडे सर्रास पिटोसिन म्हणतात. इथे सिस्टरने पोटावर हात ठेवून घड्याळ लावून कळा मोजायला हव्यात. दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक कळेनंतर पोट पूर्ण सैल पडलेलं, हे हवं. पाचापेक्षा जास्त व्हायला लागल्या, किंवा दोन कळांच्या मध्ये पोट सैलच पडत नसलं, तर बाळाला रक्त कमी पडतं आणि ठोके उतरायला लागतात. मग आधी सलाइन बंद, बाईला डाव्या कुशीवर, ठोके पुन्हा. कळा आणवण्याचा खरा धोका हा आहे, आणि तो लक्ष ठेवणाऱ्या माणसाने टळतो. इन्फ्युजन पंप (सलाइनचे थेंब मोजून सोडणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर थेंब मोजणारी सिस्टर उठून चहाला जाता कामा नये.

म्हणूनच एक गोष्ट ठणकावून सांगते. बाळ बाहेर येण्याआधी 'कळा वाढवायला' कमरेत किंवा दंडात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणी देऊ पाहत असेल तर देऊ देऊ नका. सलाइन बंद करता येतं, टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. तेच इंजेक्शन बाळ झाल्यावर मांडीत देतात ते रक्तस्राव कमी व्हावा म्हणून, ते मात्र घ्यायलाच हवं. आणि आजीचं दुधातलं एरंडेल? कळा येवोत न येवोत, जुलाब नक्की होतात. ऐन वेळी गळून गेलेली बाळंतीण कुणाच्याच कामाची नाही.

दुखण्याबद्दलही खोटं बोलत नाही. आणवलेल्या कळा बऱ्याच जणींना जास्त जाचक वाटतात, कारण त्या हळूहळू चढत नाहीत आणि सुरुवातीपासून सलाइन-मशीनला बांधून घेतल्यासारखं होतं. एपिड्युरल (दुखणं कमी करायला कमरेत देतात ती भूल) मिळेल का, हिंडता-फिरता येईल का, आई किंवा नवरा जवळ थांबू शकेल का, हे आधी विचारून ठेवा. जवळचं माणूस सतत सोबत असलं की बाळंतपण सोपं जातं, हे तर अभ्यासांनीही दाखवलंय.

बाळाच्या पुढच्या आयुष्याचं काय? ऑस्ट्रेलियातल्या त्या निष्कर्षाला पुन्हा तीच अडचण आहे: कळा आणवलेल्या बायका मुळातच थोड्या वेगळ्या असतात, आणि काही जणींना तारखेच्या आधीच मोकळं केलेलं असतं. असंच पूर्वी स्वमग्नतेबद्दल (ऑटिझम) झालं. अमेरिकेतल्या २०१३ च्या एका अभ्यासात कळा आणवण्याशी तिचा संबंध दिसला आणि बराच गाजावाजा झाला. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या तेरा लाखांवर मुलांच्या नोंदी पाहताना एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, तेव्हा तो संबंध उरला नाही. ३७-३८ आठवड्यांना विनाकारण घाई केली तर बाळाला श्वासाचा त्रास, कावीळ, दूध ओढायला आळस, हे मात्र खरंच जास्त होतं. त्यामुळे मुहूर्त काढून महिना भरायच्या आधी बाळंतपण उरकायची विनंती घेऊन येणाऱ्यांना मी नाही म्हणते. चाळीस आठवडे भरल्यावर, सगळं नीट असताना, घरच्यांच्या समाधानासाठी अमावास्येचा एक दिवस टाळायला माझी हरकत नसते.

कारणं कोणती पक्की आणि कोणती पातळ, हेही सांगते. बीपी वाढलं असेल (३७ आठवड्यांनंतर वाट पाहण्यात आईचंच नुकसान), पाणी जाऊन कळा येत नसतील, बाळाची वाढ खुंटली असेल, तर घासाघीस करू नका. शुगर असेल तर ती कितपत काबूत आहे यावर ठरतं. नुसतं 'नाळ गळ्याभोवती आहे' हे कारण नाही. ती कितीतरी बाळांच्या गळ्याभोवती असते आणि ती बाळं सुखरूप होतात. 'पाणी जरा कमी वाटतंय' असं कुणी म्हणालं तर रिपोर्टवरचा आकडा बघायला मागा. 'बाळ मोठं आहे' हे सोनोग्राफीचं वजन शेवटच्या दिवसांत सहज दहा टक्के इकडेतिकडे होतं. तुमचं ३.१ किलो तर अजिबात मोठं नाही. आधीचं सिझर असलेल्या कुणी हे वाचत असतील तर यातलं काहीच स्वतःला लावू नका, तुमचे नियम वेगळे आहेत आणि मिसोप्रोस्टॉल तर चालतच नाही.

तर ताई, तुमच्यापुरतं असं. चाळीस आठवडे भरल्यावर एकदा तपासून घ्या आणि तोंड तयार होतंय का विचारा. डॉक्टर तयार असतील तर तेव्हाच बोटाने पाणमोट आतून थोडी सुटी करतात, स्वीपिंग म्हणतात त्याला. दुखतं, थोडं रक्त दिसतं, पण जेलची वेळ न येण्याची शक्यता वाढते. मध्ये एकदा बाळाच्या ठोक्यांची तपासणी आणि पाण्याची सोनोग्राफी करून घ्या. ४१ आठवडे भरले आणि कळा नसल्या तर सकाळी पोटभर नाश्ता करून ॲडमिट व्हा.

त्याआधी पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर तारीख-वार न बघता त्याच क्षणी निघा. हालचाल कमी वाटली तर 'गोड खाऊन बघू, सकाळी जाऊ' हे करू नका. रात्री दोन वाजले असले तरी आईला उठवा आणि रिक्षा बोलवा.